वळवाच्या पावसात पडलेले कावळ्याचे पिल्लू: पाळावे की परत सोडावे? (जॅकडॉ पाळण्याविषयीही माहिती हवी आहे)

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार. काल सायंकाळी सांगलीत वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि विश्रामबागेतील आमच्या घरासमोरच्या गुलमोहराची एक फांदी मोडून अंगणात पडली. त्या फांदीच्या बेचक्यात काटक्या आणि तारांचे तुकडे गुंफून केलेले घरटे होते. घरटे विस्कटून गेले, पण एक पिल्लू जिवंत सापडले. त्याच्या अंगावर काळी पिसे फुटलेली आहेत, मानेभोवती राखाडी छटा आहे आणि शेपटी जेमतेम दोन बोटे लांबीची आहे. पंख पसरून ते तोल सावरते, परंतु उडू शकत नाही. जवळ कोणी गेले की चोच पूर्ण उघडते, आतला लालसर घसा दिसतो आणि ते अंग थरथरवत खाणे मागते. रात्री त्याला जुन्या धोतराच्या तुकड्यावर खोक्यात ठेवले आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या शेजाऱ्यांकडे जॅकडॉ नावाचा लहान कावळा आहे. तो हाक मारली की खांद्यावर येऊन बसतो आणि चहाच्या बशीतले बिस्किट उचलतो. ते व्हिडिओ पाहिल्यापासून माझ्या बारा वर्षांच्या मुलीला हे पिल्लू पाळायचेच आहे. सासूबाईंना मात्र कावळा घरात नको आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. राखाडी मानेवरून हे जॅकडॉचे पिल्लू असू शकते का? असे पिल्लू हाताने वाढवले तर ते त्या जॅकडॉसारखे माणसाळते का? आणि तूर्तास त्याला खायला काय द्यावे?

रानवाट (कराड):

सर्वप्रथम पिल्लाचे पाय पाहावेत. तीन बोटे पुढे आणि एक मागे असेल तर ते कावळ्याचे आहे; दोन पुढे आणि दोन मागे असतील तर ते कोकिळेचे आहे. या दिवसांत कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिल्लू असणे अगदी नेहमीचे आहे आणि ते दिसायलाही काळेच असते. बाकीचे जाणकार सांगतीलच.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

मी नऊ वर्षे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहिले आणि त्या काळात जॅकडॉ रोज पाहिले, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. आपले पिल्लू जॅकडॉचे नाही. भारतात हा पक्षी काश्मीरच्या खोऱ्यात राहतो आणि हिवाळ्यात वायव्येकडील मैदानांत काही प्रमाणात उतरतो. सांगलीच्या गुलमोहरावर तो घरटे करणार नाही. गावकावळ्याची मानही राखाडी असते, त्यामुळे आपली गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु गावकावळा सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब असतो, तर जॅकडॉ तेहतीस-चौतीस सेंटिमीटरचा, आखूड चोचीचा आणि वजनाने पाव किलोच्या आसपास असतो. सर्वांत ठळक खूण म्हणजे मोठ्या जॅकडॉचे डोळे चंदेरी पांढरे असतात. काळ्या चेहऱ्यातून ते पांढरे डोळे असे रोखून पाहतात, की एकदा पाहिल्यावर विसरता येत नाहीत. तेथील संशोधकांनी घरट्यांच्या पेट्यांत अशा डोळ्यांची चित्रे लावून पाहिली, तेव्हा इतर जॅकडॉ त्या पेट्यांपासून दूर राहू लागले. ही जागा घेतलेली आहे, एवढा अर्थ त्या नजरेत असतो.

दुसरा मोठा फरक घरट्याचा आहे. गावकावळा झाडाच्या उघड्या बेचक्यात घरटे करतो, तर जॅकडॉला पोकळी लागते: झाडाची ढोली, कड्यातील कपार, चर्चचा मनोरा किंवा घराचे धुराडे. आमच्या भाड्याच्या घराच्या धुराड्यात एका वसंतात एका जोडप्याने वरून काटक्या टाकायला सुरुवात केली. काटकी आत अडकेपर्यंत ती टाकतच राहायची, ही त्यांची पद्धत असते. चुलीच्या तोंडाशी रोज सकाळी ओंजळभर काटक्या साठत आणि त्यांना काजळी लागलेली असे. तीन आठवड्यांनी वर कुठेतरी बूड तयार झाले आणि काटक्या पडायच्या थांबल्या. मादी सतरा-अठरा दिवस अंडी उबवत असताना नर खाणे तेथे नेऊन तिला भरवत असे. ही जोडी पहिल्याच वर्षात, म्हणजे प्रत्यक्ष वीण सुरू होण्याआधी जुळते आणि साधारणपणे आयुष्यभर टिकते. थव्यातही ते दोघे शेजारी शेजारीच उडतात.

हिवाळ्यात शेकडो जॅकडॉ एकत्र रात्रवस्तीला येतात. पहाटे एक-दोन आवाज सुरू होतात, हळूहळू ते वाढत जातात आणि कल्लोळ पुरेसा झाला की काही सेकंदांत सगळा थवा एकदम उठतो. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले, की हा कल्लोळ म्हणजे निघण्याविषयीचे एकमत होय. ध्वनिमुद्रित आवाज लावून त्यांनी थवा नेहमीपेक्षा लवकर उठवूनही पाहिला. ज्या पक्ष्याचे सकाळचे निघणेसुद्धा असे सर्वांनी मिळून ठरते, त्याला एकट्याला बशीतले बिस्किट खाताना पाहून मला वाईट वाटते, हे मी स्पष्टपणे सांगते. आपल्या भाच्याच्या शेजाऱ्यांचा पक्षी प्रेमळ असेल यात शंका नाही, परंतु ते प्रेम त्याच्या थव्याच्या वाट्याचे होते.

निवृत्त_मास्तर (मिरज):

ताईंनी लिहिलेले सर्व योग्य आहे. मी सदतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

हाताने वाढवलेल्या जॅकडॉचे काय होते, याचे सर्वांत बारकाईने निरीक्षण कोनराड लोरेन्झ यांनी व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्ग या गावी केले. प्राण्यांच्या वर्तनावरील कार्यासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी आपले पहिले पिल्लू पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणले, तेव्हा मनात कोणताही प्रयोग नव्हता. पुढ्यात उघडलेल्या त्या लाल घशात काहीतरी भरवावे, एवढीच ऊर्मी होती. आपल्या मुलीला आज तेच वाटत आहे आणि त्यात गैर काहीही नाही. परंतु हाताने वाढलेला पक्षी मोठा झाल्यावर माणसालाच आपला जोडीदार मानतो. असा एक जॅकडॉ लोरेन्झ यांना अळ्यांचा लगदा भरवू पाहत असे आणि त्यांनी तोंड मिटले की तो लगदा त्यांच्या कानात कोंबत असे. पक्षी लबाडी करत नव्हता. त्याच्या दृष्टीने तो संसार मांडत होता आणि समोरून त्याला कधीच योग्य प्रतिसाद मिळणार नव्हता.

त्यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या उपयोगाचे आहे. घरट्यातील उघडी, बिनपिसांची पिल्ले हातात घेतली तर जॅकडॉ शांत राहत. मात्र पिसे फुटून पिल्लू काळे दिसू लागले की तेच पिल्लू उचलणाऱ्यावर सगळी वसाहत खडखडाट करत तुटून पडे. एकदा तर त्यांनी खिशातून पोहण्याची काळी चड्डी काढली, तरी तसाच हल्ला झाला. हातात लोंबणारी काळी वस्तू म्हणजे आपल्यापैकी कोणीतरी पकडला गेला आहे, असा त्याचा अर्थ होता. गावकावळेही पिल्लाला हात लावणाऱ्यावर असेच धावून येतात आणि तो चेहरा बरेच दिवस लक्षात ठेवतात. म्हणून पिल्लू हाताळताना डोक्यावर छत्री धरावी आणि मुलीला त्या वेळी आत ठेवावे.

आता कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कावळा पूर्वी उंदीर, घूस आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्यासोबत अनुसूची ५ मध्ये, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे हा कायदा आपल्या जिल्ह्यात घरोघरी ऐकून माहीत आहे. तो केवळ नागालाच नव्हे, तर कावळ्यासारख्या इतर रानटी जिवांनाही लागू असतो, म्हणून हे पिल्लू पाळता येणार नाही. काश्मीरमध्ये आढळत असल्याने जॅकडॉही येथे पाळता येणार नाही. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मेणवलीकर (वाई):

मास्तरांनी जे सांगितले ते मी लहानपणी स्वतः केलेले आहे, म्हणून लिहितो. चौथीत असताना मला घाटावर कावळ्याचे पिल्लू सापडले. मी त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवली, कारण घरात तेच होते. ते जगले, पण त्याचे पाय आतल्या बाजूला वाकले. पिल्लाच्या हाडांना जे लागते ते भाकरी-दुधातून पुरेसे मिळत नाही, हे मला फार उशिरा कळले. ते माझ्यामागे शाळेपर्यंत उडत येई आणि वर्गाच्या खिडकीत बसून राही. इतर कावळे त्याला जवळ येऊ देत नसत. आणि त्याला माणसाची भीती उरलेली नव्हती. एके दिवशी रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर ते विश्वासाने जाऊन बसले. कावळा शिवला म्हणून त्यांनी घाबरून हातातील काठी मारली. मी पाठोपाठ धावत येत होतो. त्या गृहस्थांना मी आजही दोष देत नाही. घाबरायला शिकवणे हे कावळ्याच्या आईबापांचे काम होते आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेतले होते. आपल्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगावी.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

परत सोडण्याची पद्धत सांगते. बुडाला छिद्रे असलेली बांबूची टोपली घ्यावी, तिच्यात काथ्या आणि वाळके गवत घालावे आणि मूळ घरट्याच्या जितक्या जवळ शक्य असेल तितक्या जवळ, दुपारचे ऊन लागणार नाही अशा फांदीला ती दोन ठिकाणी घट्ट बांधावी. पिल्लू त्यात ठेवून सर्वांनी घरात जावे आणि खिडकीतून दोन-तीन तास पाहावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज चुकीचा आहे.

तोपर्यंत भरवायचेच असेल तर उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे किंवा पाण्यात पूर्ण मऊ केलेले कुत्र्याचे कोरडे खाद्य द्यावे. दूध देऊ नये. ड्रॉपरने चोचीत पाणीही सोडू नये, कारण जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते आणि पिल्लू त्या थेंबाने गुदमरू शकते. ओल्या खाण्यातून त्याला पुरेसे पाणी मिळते.

कृष्णाकाठ (सांगली):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायाची तीन बोटे पुढे आणि एक मागे आहे, म्हणजे हे कावळ्याचेच पिल्लू आहे. आज सकाळी सहा वाजता भाजीची जुनी पाटी गुलमोहराच्या उरलेल्या फांदीला बांधली. ह्यांनी शिडी धरली, मी छत्री धरली, आणि कावळा घरात नको म्हणणाऱ्या सासूबाईंनीच पाटीत घालायला काथ्या काढून दिला. चौदा-पंधरा कावळे एवढा आरडाओरडा करत होते, की समोरच्या बंगल्यातील मंडळी गच्चीवर आली.

दीड तास काहीच घडले नाही. मुलगी खिडकीपाशी रडवेली होऊन बसली होती. तिला वाईचा प्रसंग वाचून दाखवला होता, तेव्हापासून तिने पाळण्याचा हट्ट सोडला होता, परंतु आईबाप आलेच नाहीत तर काय, हा तिचा प्रश्न होता. पावणेआठच्या सुमारास एक कावळा पाटीच्या काठावर उतरला, मान वाकडी करून त्याने आत पाहिले आणि उडून गेला. थोड्या वेळाने तो घसा फुगलेला असा परत आला आणि त्याने पिल्लाच्या चोचीत चोच पार आतपर्यंत घातली. दुपारपर्यंत मुलीने वहीत अकरा फेऱ्या नोंदवल्या आहेत.

एक शंका उरली आहे. पुन्हा पाऊस आला तर रात्रीपुरते पिल्लू घरात आणावे का?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

आणू नये. रात्री आईबाप जवळपासच असतात. पाटीच्या वर, हातभर अंतर सोडून, प्लास्टिकचा एक तुकडा तिरपा बांधावा, म्हणजे पाणी बाहेर जाईल आणि कावळ्यांना बाजूने ये-जा करता येईल. चार-पाच दिवसांत ते पाटीच्या काठावर आणि नंतर फांदीवर बसू लागेल. त्यानंतर पुन्हा खाली पडले तरी ते खोक्यात न ठेवता जवळच्या कुंपणावर किंवा फांदीवर ठेवावे, आणि तेवढे दिवस मांजरावर लक्ष ठेवावे.