जुलैमध्ये अ‍ॅक्रोपोलिस आणि डेल्फी, सोबत आई-बाबा

रानवाट: जुलैमध्ये अथेन्सला तीन दिवस आहोत. आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. अ‍ॅक्रोपोलिस (प्राचीन देवळांची टेकडी) कधी आणि कुठून चढावं? एका दिवसात डेल्फी (अपोलोचं प्राचीन तीर्थस्थान) झेपेल का?

शिलालेख: सकाळी ८ चाच स्लॉट घ्या. तिकीट वेळेचं असतं, १५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर आत सोडत नाहीत. एप्रिल २०२५पासून दर ३० युरो आहे आणि अनेक स्थळांचं मिळून असलेलं जुनं एकत्र तिकीट बंद झालंय. जुने ब्लॉग वाचून त्या हिशोबाने जाऊ नका. फार ऊन तापलं की दुपारी १२-१ ते ५ स्थळच बंद ठेवतात, त्यामुळे दुपारचा स्लॉट घेणं धोक्याचं.

मेट्रोने 'अक्रोपोली' स्टेशनला उतरून आग्नेयेकडच्या दाराने शिरा. रांग कमी असते आणि वाटेत डायोनिसस या देवाचं प्राचीन नाट्यगृह लागतं. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत. लाखो पावलांनी संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की कोरड्यातही पाय सरकतो. आईंसाठी उत्तरेच्या कड्यावर लिफ्ट आहे, पण ती फक्त चालायला त्रास असलेल्यांसाठी. आदल्या दिवशी फोन करून ती चालू आहे ना, हे विचारा. वर २०२०-२१मध्ये काँक्रीटच्या वाटा केल्यात. त्यांवरून बरीच टीका झाली, पण दुखऱ्या गुडघ्यांना त्यांचा मोठा आधार आहे.

खांबोळी: वर पोचल्यावर नुसते फोटो काढून परतू नका. पार्थेनॉनच्या (अथेना देवीच्या मोठ्या देवळाच्या) कोपऱ्याशी, दोरीबाहेरूनच, थोडं वाकून पायरीच्या कडेने नजर टाका. पायरी मधे फुगलेली दिसेल: लांब बाजूला साधारण ११ सेंटिमीटर, आखूड बाजूला ६. खांबांवरचे पांढरे तुकडे आताच्या डागडुजीतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते. प्राचीन कारागीर लोखंडावर शिसं ओतायचे, ते यात राहून गेलं. लोखंड गंजून फुगलं आणि दगड तडकले. आता तिथे टायटॅनियम वापरतात.

शेजारच्या इरेक्थिऑन देवळावरच्या, खांबांच्या जागी असलेल्या स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. मूळच्या सहापैकी पाच खालच्या संग्रहालयात आहेत, सहावी लंडनला. संग्रहालयात एसी आहे, भर दुपार तिथेच काढा.

शिलालेख: डेल्फी बसने जाताना तीन तास, येताना तीन तास. झेपेल, पण दिवस त्यातच जाईल. परतीचं तिकीट उतरल्या-उतरल्या काढा, शेवटच्या बसला जागा भरतात. स्थळ पार्नासस डोंगराच्या उतारावर आहे. आईंनी अपोलोच्या देवळापर्यंतच जावं, वरच्या स्टेडियमचा चढ सोडावा. देवळाखालच्या वेड्यावाकड्या दगडांच्या भिंतीवर शेकडो लेख आहेत, बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे. ऊन तिरपं असताना अक्षरं उठून दिसतात.

डेल्फीच्या संग्रहालयातल्या सारथ्याच्या कांस्य पुतळ्याच्या डोळ्यांसमोर जरूर थांबा. तांब्याच्या पापण्या अजून शाबूत आहेत.

खांबोळी: आणि अथेना प्रोनाइआ देवीच्या आवारातली गोल वास्तू चुकवू नका. मुख्य स्थळापासून रस्त्याने दहा मिनिटं खाली आहे. २० पैकी ३ खांब पुन्हा उभे केलेत. बहुतेक जण ती न बघताच बस पकडतात.