शिफ्ट करून आलं की शास्त्र वाचताना डोळे मिटतात

चाकणकर:
सर्वांना सलाम. चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे, पाळी सारखी बदलते. गाव नगर जिल्ह्यात. घरी आजोबांपासून सकाळची कौटुंबिक प्रार्थना. इथे खोलीवर येतो, कुकर लावतो, शास्त्र म्हणजे बायबल उघडतो आणि शिट्टी व्हायच्या आत डुलकी. वर्षात बायबल संपवायचा तक्ता घेतला होता, तो लेवीय नावाच्या पुस्तकात अडकला. पाळकसाहेब म्हणतात, वचन हे आत्म्याचं अन्न. पण ते खायला जीवच उरत नाही, त्याचं काय? काम वेगळं नि वचन वेगळं, असंच धरून चालायचं का?

शिवणवाली मावशी:
सलाम बाळा. तक्ता गुंडाळून ठेव, बायबलातलं रूथचं पुस्तक काढ. चारच अध्याय आहेत. दुसरा सावकाश वाच. परक्या देशातली विधवा पोरगी, बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सकाळपासून सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, वेचते. संध्याकाळी तसाच भारा उचलून घरी नाही जात. झोडपते, तेव्हा कुठे एफाभर (तेव्हाचं धान्याचं माप) सातू निघतो. दुपारी जेवून उरलेलंही सासूसाठी नेते. आणि तो सरवा गरिबासाठी, परक्यासाठी शेतात राहू द्या, हा नियम कुठला? तू अडकलास त्याच लेवीयातला, अध्याय 19.

मी ब्लाऊज शिवते. सकाळी मशीनला तेल घालायच्या आधी एकच उतारा मोठ्याने वाचते, मग दिवसभर तेवढाच झोडपते. अस्तर जोडताना छान जमतं. गळ्याच्या पायपिंगला नाही जमत, तिथे लक्ष कापडावरच हवं. आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की सगळंच विसरते, ते सोड.

रात्रपाळीची नर्स:
मावशी, पटलं. फक्त एक सांगते. पौलाच्या कलस्सै पत्रातलं 3:23, ‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’, हे वचन ओव्हरटाइम गळ्यात मारायला वापरलेलं मी पाहिलंय. ते दासांना लिहिलंय. तीनच वचनं पुढे, 4:1 मध्ये, धन्यांनाही बजावलंय की दासांशी न्यायाने वागा. दोन्ही एकत्र वाच. आणि दमला असशील तर आधी झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला. भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, उठवून परत खायला घातलं. 1 राजे 19.

दौंड लाइन:
काम आणि वचन वेगळं नसतं, हे बघायचं तर केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन आश्रमात जाऊन ये. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये आलं. तिथल्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकांच्या हातून. छपाईच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवत अख्खं शास्त्र हाताखालून गेलं त्यांच्या.

चाकणकर:
रूथचा दुसरा अध्याय कंपनीच्या बसमध्ये वाचला, जाताना. मावशी, आमच्या लाइनवर आवाज इतका की मोठ्याने म्हटलं तरी शेजाऱ्याला ऐकू जात नाही, ते एक बरंय. सुट्टीच्या दिवशी केडगावला आत जाऊ देतात का?

दौंड लाइन:
आधी फोन करून विचार. पुण्याहून दौंडकडची लोकल पकड, केडगाव स्टेशनला उतर.