नाचणी बाजूला सारून ज्वारीची बिस्किटं? संशोधन काय सांगतं, विकणारे काय सांगतात

कातळसडा (गुहागर तालुका) :

आमच्या गावातला महिला बचत गट बरीच वर्षं नाचणीचे पापड आणि सत्त्व करून विकतोय. गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की माल उरत नाही. मध्यंतरी गटातल्या बायका एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि आता बैठकीत विषय आलाय : नाचणी कमी करायची, ज्वारी धरायची. ज्वारीची बिस्किटं, लाह्या, पीठ आणि 'मोडाच्या ज्वारीचं सत्त्व'. कारण सांगतात ते असं, की ज्वारीवर जगभर संशोधन झालंय. ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही, साखर वाढत नाही, अँटिऑक्सिडंट भरपूर.

संशोधन झालंय यात वादच नाही. 2009 साली तिचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. कमी पाण्यात ती तग कशी धरते, पानावर मेणाचा थर कसा चढवते, यावर ढिगाने काम आहे. पण यातलं कोकणाला काय लागू? पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जमिनीत दुष्काळाला टिकणारं पीक घेऊन करायचं काय? खरिपाची संकरित ज्वारी पिकायला आली आणि पाऊस लागला की कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो. सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण 1964 ला आला, त्यानंतर विदर्भ-मराठवाड्याने हे पुरेपूर भोगलंय. आपल्याकडे तर कणीस धड हाती लागायचं नाही. म्हणजे दाणा सोलापूरचा, गाडीभाडं कुंभार्ली घाटाचं आणि पिशवीवर 'कोकणी मेवा'.

अँटिऑक्सिडंटची तर वेगळीच गंमत. ते मथळे ज्या ज्वारीवरून येतात ती बहुतेक काळी नाहीतर तांबडी, कोंड्यात रंगद्रव्य असलेली. टेक्सासमध्ये तिच्यावर पुष्कळ काम झालंय. आपल्या बाजारात येते ती पांढरीशुभ्र मालदांडी. तिच्यात टॅनिन नाही, म्हणून तर ती तुरट लागत नाही. एकीचे गुण दुसरीच्या पिशवीवर छापायचे?

नाचणी आपल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत होते, दापोलीच्या विद्यापीठाने तिचे वाण काढलेत, आणि कॅल्शियम 100 ग्रॅममागे 364 मिलिग्रॅम. ज्वारीत 28 च्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे : हा ठराव पडला पाहिजे.

घाटावरची :

माहेर मंगळवेढ्याकडचं, सासर दापोली तालुक्यात. त्यामुळे या खटल्यात मी पक्षकारच आहे, आधीच सांगते.

दादा, दाणा इथे पिकत नाही म्हणून खायचा नाही, असा नियम लावायचा तर आधी गहू बंद करा. आमच्या वाडीत गव्हाचं एक शेत दाखवा. तरी सकाळी बेकरीच्या पावाला रांग असते आणि रात्री चपात्या लाटल्या जातात. तेव्हा कुणाला कुंभार्ली घाटाचं भाडं आठवत नाही ते?

दुसरं, तुम्ही खरिपाची रडकथा रब्बीच्या गळ्यात बांधताय. आमच्याकडची ज्वारी पाऊस सरताना पेरतात, काळ्या जमिनीच्या ओलीवर ती थंडीत येते. बुरशी लागायला पाऊसच नसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही.

इथल्या बायकांना ज्वारी का आवडत नाही ते मला ठाऊक आहे. पीठ दळून आणतात, महिनाभर डब्यात ठेवतात. पावसाळी हवेत त्याची विरी (चिकटपणा) जाते. मग भाकरी थापताना काठ चिरतात, उलटायला गेलं की तुटते, आणि खापर ज्वारीवर. ताजं पीठ घ्या, आधणाचं पाणी घाला, काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. तरी थापली जात नसेल तर मूठभर पिठाची उकड काढून तीच त्यात मळा. तांदळाच्या भाकरीला उकड काढता ना, मग ज्वारीने काय पाप केलं?

ताटवाटी :

मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. कातळसडा यांची एक चाल मला पटत नाही. ते ज्वारीची तुलना नाचणीशी करतायत. माझ्याकडे येणारा मधुमेही नाचणी सोडून ज्वारीकडे जात नाही. तो दोन वेळच्या पांढऱ्या भाताकडून कुठेतरी जायला बघतो. तुलना तिथे करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीत तंतू 10 ग्रॅमच्या वर आहेत, पॉलिश तांदळात 3 सुद्धा नाहीत. प्रथिनं 10 ग्रॅमच्या आसपास, तांदळात 8.

2021 मध्ये इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 11 देशांतल्या 80 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. रोज भरडधान्य खाणाऱ्या मधुमेहींची रक्तातली साखर 12 ते 15 टक्क्यांनी उतरलेली दिसली. एवढा फरक माझ्या पेशंटांसाठी काही थोडका नाही. कोकणात नाचणी खाणारी पिढी म्हातारी झाली, पोरं पाव आणि मैद्याच्या नूडल्सवर आहेत. ज्वारीच्या निमित्ताने तव्यावर भाकरी परत येत असेल तर ती कुठल्या घाटातून आली ते मी विचारत नाही.

चाळणी :

अन्नतंत्रज्ञान शिकतो आहे. दोन्ही बाजू आकडे बरोबर देतायत, पण दाण्यात काय आहे आणि अंगी काय लागतं यातला फरक दोघेही गाळतायत.

ज्वारीतली बरीचशी प्रथिनं काफिरिन जातीची. दाणा पाण्यात शिजवला की त्यांच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी अशा जखडतात की पोटातल्या पाचकरसांना त्या सुटत नाहीत. 1981 मध्ये पेरूतल्या लहान मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे : शिजवलेल्या ज्वारीतलं प्रथिन जेमतेम 46 टक्के पचलं. मग 10 ग्रॅमचं कौतुक किती करायचं? लायसिन हा प्रथिनातला गरजेचा घटक मुळात कमी, तेही धरा. पण त्याच संशोधकांनी पुढे कोंडा काढून, दाब आणि उष्णता देऊन फुलवलेली ज्वारी मुलांना दिली तेव्हा पचन 81 टक्क्यांपर्यंत गेलं. आंबवल्यानेही सुधारतं. सुदानात ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळ्या घालतात, आपल्या आंबोळीची चुलत बहीणच. कोकणाला ज्वारी शिकवायचीच असेल तर भाकरीपेक्षा आंबोळीतून शिकवा. बिडाचा तवा घरोघरी आहे आणि आंबवणं इथे कुणाला सांगावं लागत नाही.

गंमत म्हणजे दाणा सावकाश पचतो हीच गोष्ट मधुमेह्याला गुण आणि वाढत्या मुलाला दोष. पिशवीवर मात्र 'संपूर्ण कुटुंबासाठी' छापलेलं असतं.

ताटवाटी यांनी दिलेला आढावा सगळ्या भरडधान्यांचा मिळून आहे, त्यात नाचणी, वरी, बाजरी सगळे आले. शिवाय तो ज्या संस्थेने केला तिचं बरंचसं काम ज्वारी-बाजरीवरचं. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ध्यानात ठेवावं.

पेजखोबरं (मालवण) :

ह्या सगळा वाचून माझा डोक्या गरगराक लागला. माका डॉक्टरान सांगितल्यान, भात कमी कर आणि चल. ज्वारी खा असा नाय सांगूक. सकाळची उकड्या तांदळाची पेज, वांगडा सुक्या बांगड्याचो तुकडो, ह्याच्यात कोणाचा काय बिघाडला? आमचे आजये नव्वदी ओलांडून गेले, ते काय काफिरिन मोजी नव्हते.

घाटावरची :

आज्या नव्वदी ओलांडून गेल्या, पण त्या दिवसभर शेतात राबत होत्या. तुम्ही स्कूटरवरून मासळी आणता.

चाळणी, तुमच्या 46 टक्क्यांवर एकच विचारते. निव्वळ ज्वारीच कोण खातं? भाकरीबरोबर पिठलं, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी असते. डाळीत लायसिन असतं हे तुमच्याच पुस्तकात असेल. आमच्याकडची माणसं त्या भाकरीवर विहिरी खणत आली.

चाळणी :

ताई, डाळीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण डाळ परवडेना तेव्हा काय झालं तेही त्याच दख्खनमध्ये नोंदलं गेलंय. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं, की जवळपास निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) दिसतो, आणि त्याचं कारण ज्वारीच्या प्रथिनातलं जास्तीचं ल्युसिन असावं. ल्युसिनच्या कारणावर पुढे बरीच वादावादी झाली, सगळ्यांना ते मान्य नाही. पण पेलाग्राचे रुग्ण खरे होते. कोकणातल्या ताटात मासे आहेत, त्यामुळे इथे ती भीती जवळपास नाहीच. मला भीती आहे ती मूळ पोस्टमधल्या एका शब्दाची, जिकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

'मोडाच्या ज्वारीचं सत्त्व.'

नाचणीला मोड आणतात, सुकवतात, दळतात, बाळाला देतात. तीच कृती जशीच्या तशी ज्वारीला लावू नका. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते फुटलं की हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पक्व कोरड्या दाण्यात ते नगण्य असतं, मोड लांबले की झपाट्याने वाढतं. आफ्रिकेत मोडाच्या ज्वारीचं पीठ करतात, पण वाळवून मोड आणि मुळ्या चोळून पाखडून काढतात आणि मगच दळतात. बचत गटाला हे कुणी सांगितलंय का? बाळाच्या पेजेचा प्रश्न आहे, इथे अंदाजपंचे चालणार नाही.

घाटावरची :

काहीतरीच काय! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हुरडा खातो. कोवळी ज्वारी विषारी असती तर सोलापूर जिल्हा केव्हाच ओस पडला असता.

चाळणी :

हुरडा म्हणजे कणसातला दुधाळ दाणा, तोही आगटीत भाजलेला. मोड म्हणजे दाण्यातून फुटलेलं नवं रोप. विषाचा भरणा त्या कोवळ्या रोपात असतो. माहेरी फोन करून विचारा, कोवळ्या ज्वारीत गुरं का सोडत नाहीत.

वायंगण (संगमेश्वर तालुका) :

मी सांगतो का सोडत नाहीत. भात काढल्यावर पाण्याची सोय आहे तेवढ्या तुकड्यात मी चाऱ्याची ज्वारी करतो. दुभत्या म्हशींना नुसता भाताचा पेंढा घालून दूध मिळत नाही आणि घाटावरचा कडबा आणायचा तर भाव ऐकूनच घाम फुटतो. एके वर्षी पंप बिघडला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पाण्यावाचून खुरटली. मग पाणी मिळालं आणि तिला बुडातून हिरवेगार फुटवे आले. पाडी दावं तोडून त्यात शिरली. घटकाभरात तोंडाला फेस, धापा टाकायला लागली, पाय ताणून आडवी. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला. घाटावरचा एक गुराखी म्हणाला, किराळ लागली. नंतर डॉक्टरांनी समजावलं : खुरटलेल्या आणि नव्याने फुटलेल्या ज्वारीत विष सगळ्यात जास्त. फुलोऱ्यावर आल्यावर कापा, कापून सुकवा, मग घाला. तेव्हापासून तसंच करतो, पुन्हा त्रास नाही.

तेव्हा 'कोकणात ज्वारी कशाला' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की माणसाला असो नसो, म्हशीला हवी. चाऱ्याला कणीस भरायची वाट बघावी लागत नाही, बुरशीचाही प्रश्न नाही. धान्यावर इतकं भांडताय, पण निम्मी ज्वारी लोक कडब्यासाठीच लावतात हे घाटावरच्या ताई सांगतील.

घाटावरची :

सांगते की. कडब्याला भाव नसेल तर आमच्याकडे निम्मे लोक हरभऱ्याकडे वळतील. मालदांडी अजून टिकून आहे ती दाण्याइतकीच कडब्यावर. किराळ मीही ऐकलेली आहे, सत्त्वाशी तिचा संबंध लावला नव्हता एवढंच.

कातळसडा :

सत्त्वाचा मुद्दा मी बैठकीत पहिल्यांदा मांडणार. वायंगणभाऊ, तुमचा पाडीचा मजकूर तिथे वाचून दाखवला तर चालेल ना?

ग्लुटेनचं पण सांगून टाकतो. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, सिलियाकच्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णाला ती चालते हेही खरं. पण आमच्या गावात गिरणी एक. सकाळी त्यात गहू पडतो, दुपारी ज्वारी पडणार. कायद्याने 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. गव्हावरून दळलेल्या पिठावर तो शब्द छापायची माझी हिंमत नाही. आणि बिस्किटांच्या नमुन्यात मैदा आणि वनस्पती तूप आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय. मैद्यात चिमूटभर ज्वारी घालून ती आरोग्याची होत असतील तर नाचणीने काय घोडं मारलंय?

ताटवाटी :

मैद्याच्या बिस्किटाला माझाही विरोध, मग त्यात ज्वारी असो की नाचणी. बिस्किटाला ग्लुटेनची गरजच नसते, निव्वळ ज्वारीची किंवा नाचणीची खुसखुशीत होतात. पण ठराव पाडायचाच, हे मला अजून मान्य नाही. नाचणी ठेवा, बाजूला ज्वारीच्या लाह्या आणि आंबोळीचं पीठ सुरू करा. पिशवीवर दळल्याची तारीख ठळक छापा. पावसाळ्यात पीठ कमी विका, दाणा विका.

वायंगण :

मजकूर खुशाल वाचा. आमच्या वाडीचं नाव तेवढं घेऊ नका, बायको अजून त्या पाडीवरून बोलते.

घाटावरची :

ताटवाटीताईंचं ऐका, दादा. लाह्यांना मालदांडी घेऊ नका, लाहीला वेगळा वाण लागतो, मी माहेराहून मागवून देते. आणि बैठकीत माझा तो पावाचा प्रश्नही मांडा. बघू कोण उत्तर देतं.