म्हणे मर्च काढा, १०० टी-शर्टांत ३५ हजार!

मंद्रसप्तक:
परवा एकाने इथेच बँडवाल्यांना ज्ञान वाटलं: 'स्ट्रीमिंगचं विसरा, मर्च काढा, म्हणजे बँडच्या नावाचे शर्ट वगैरे. १०० टी-शर्ट छापा, दीडशेला एक पडतो, पाचशेला विका, ३५ हजार खिशात.' खाली बदामांचा पाऊस. आता हिशेब ऐका.

दीडशेत १८० जीएसएमचा (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कोरा शर्ट आणि एका बाजूला एक रंग, एवढं होईलही. पण बँडवाल्यांना हवा असतो काळा. काळ्यावर रंग उठायचा तर खाली पांढऱ्याचा थर लागतो, म्हणजे दोन रंगांच्या डिझाइनला तीन स्क्रीन, थरागणिक एक जाळीची चौकट. स्क्रीनचे पैसे २० शर्टांना तेवढेच, २०० ना तेवढेच. शर्ट २२० ला धरा, वर लेबल, पिशव्या, ने-आण यांचे ३ हजार. झाले २५ हजार. पाचशेच्या भावाने पन्नासावा शर्ट खपेपर्यंत तुम्ही छापखान्यासाठी गाताय. आणि पन्नास उरतात ते कुठले? एस आणि डबल एक्सएल, कारण ऑर्डर देताना पाचही साइझ वीस-वीस सांगितलेले असतात. गठ्ठा पलंगाखाली, जूनमध्ये बुरशी.

परळ_टर्मिनस:
तुम्ही हिशेब सांगत नाही आहात, घाबरवताय. १०० छापा असं सांगितलं कोणी ब्रह्मदेवाने? दहा दिवस प्री-ऑर्डर उघडा, पूर्ण पैसे आधी घ्या, फॉर्ममध्ये साइझबरोबर छातीचं माप इंचात विचारा. अकराव्या दिवशी मोजून छापा, वर कार्यक्रमासाठी एम, एल, एक्सएलचे मिळून पंधरा. उरणार काय, कपाळ? वीसच ऑर्डर आल्या तर डीटीएफ करा, स्क्रीनचा खर्चच नाही.

शाई_आणि_स्क्वीजी:
डीटीएफचं नाव इतक्या सहज घेऊ नका. फिल्मवर छापतात, चिकटपावडर टाकून भाजतात, मग शर्टावर प्रेस. छातीवर दहा बाय बाराचा भरीव चौकोन आला की अंगात रबराचं पान घातल्यासारखं वाटतं. मुंबईच्या दमट हवेत घाम त्याच्या मागे साचतो. डिझाइन मोकळं ठेवा, मध्ये कापड दिसू द्या. पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि नको तिथे चिकटते, काळ्या शर्टावर पांढरे कण दिसतात ते हेच. शर्टातही ओल असते. आधी पाच सेकंद नुसता प्रेस मारून वाफ काढायची, मग फिल्म ठेवायची. हे टाळलं की चार धुण्यांत कडा उचलते.

स्क्रीनमध्येही खोट असतेच. प्लास्टिसॉल शाई पूर्ण पिकायला साधारण १६० अंश लागतात, आणि ते शाईच्या थराला, हवेला नाही. घाईत वरून सुकते, आत कच्ची राहते. शर्ट हातात आला की छपाई दोन बाजूंनी ताणा. भेगा पडल्या तर गठ्ठा तिथेच परत करा.

अक्षरगणित:
शाई, शर्ट, सगळं झालं. छातीवर लिहिलंय काय ते कोणी वाचतं का? अर्ध्या मराठी बँडांच्या शर्टावर मराठी मोडलेली असते! 'निर्गुण' असं लिहायचं आणि छापून येतं काय, पहिली वेलांटी न च्या पुढे आणि रफाराऐवजी पायमोडका र. डिझायनर म्हणतो, फॉन्टच तसा आहे. फॉन्ट नाही हो, सेटिंग. इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा, परिच्छेदाच्या पॅनलमधून साउथ एशियन कंपोझर निवडा. छापखान्याला फाइल देण्याआधी आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाका, नाहीतर त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो आणि तो जवळचा काहीतरी लावतो.

परळ_टर्मिनस:
एवढी कटकट? नाव रोमनमध्ये लिहा, विषय संपला. बेंगळुरूचा पोरगाही घेईल.

अक्षरगणित:
गाणी मराठीत, छाती रोमनमध्ये. वा! मग चालही तिकडचीच लावा. हे असलं ऐकलं की डोकं फिरतं.

शाई_आणि_स्क्वीजी:
भांडू नका, पण अक्षरवाले बरोबर बोलतायत आणि अर्धंच बोलतायत. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी असते, शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली. आउटलाइन करून वर बॉर्डर दिली की त्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. कटिंग प्लॉटर, म्हणजे अक्षरं कापणारं मशीन, तर तिथे सरळ कापतो आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडर पॅनलमधून युनाइट करून सगळं एकसंध करायचं, मगच बॉर्डर. आणि अनुस्वाराचा टिंब, उकाराचं शेपूट फार बारीक ठेवू नका. एक पॉइंटाखालची रेघ स्क्रीनवर टिकत नाही. काळ्यातून कोरलेली असेल तर आणखी जाड हवी, कारण शाई पसरून ती बुजते.

अक्षरगणित:
एकसंध करण्याचं राहिलं होतं, मान्य. आता फॉन्ट. दिसला तो उतरवला असं करू नका, परवाना बघा. आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, शर्टावर छापून विकायला आडकाठी नाही. मोदक तर छातीवर लठ्ठ मजेत बसतो. आणि ल! मराठी ल पाकळीचा. २००९ च्या शासन निर्णयातही तोच आहे. ज्या फॉन्टात मराठी रूपं घातलेली असतात त्यात भाषा 'मराठी' निवडली की ल आणि श आपोआप बदलतात. मात्र आउटलाइनच्या आधी निवडा, नंतर ती नुसती चित्रं.

रिव्हर्ब_कमी_कर:
गिऱ्हाईक ल ची पाकळी बघून शर्ट घेतं, हे आजच कळलं.

अक्षरगणित:
गिऱ्हाईक तबल्याची शाई बघूनही येत नाही. म्हणून बेसूर लावणार का?

हिशेबनीस:
ल वाल्यांनो, जरा श्वास घ्या. वर 'बेंगळुरूचा पोरगा' सहज येऊन गेला, खरी मेख तिथे आहे. ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको, असं सगळे छातीठोक सांगतात. ती मर्यादा फक्त मालच विकणाऱ्याला. तुम्ही कार्यक्रमाचं मानधन घेता, ती सेवा. मग एकूण उलाढालीची मर्यादा २० लाख. आणि महाराष्ट्राबाहेर करपात्र माल विकलात तर पहिल्याच शर्टाला नोंदणी लागते. नोंदणीनंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, वर गेलं की १८. तो कर पाचशेतूनच जातो, हे ३५ हजारवाल्याला कळवा.

दुसरं, चित्रकार मित्राकडून 'घे रे, वापर' एवढ्यावर लोगो घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सहाव्या वर्षी बँड चालला की मित्र वकील घेऊन येतो.

परळ_टर्मिनस:
बरं बाबा, बेंगळुरूचा पोरगा मागे घेतला. प्री-ऑर्डर मात्र मागे घेत नाही.

मंद्रसप्तक:
नका घेऊ. मोजून छापा एवढंच तर मी म्हणत होतो, जरा जास्त चिडून. आता कोणी स्टॉलचं बोला. नाट्यगृहात मध्यंतर पंधरा मिनिटं. एका गिऱ्हाइकाला साइझ, पैसे, पिशवी मिळून एक मिनिट. एका माणसाने पंधरा शर्ट विकले तरी डोक्यावरून पाणी. तिथेही व्यवस्थापनाची परवानगी आधी, आणि वाट्याचे टक्के आधी विचारून.

रिव्हर्ब_कमी_कर:
दोन माणसं ठेवा, एक नुसता पैशांना. प्रत्येक साइझचा एक शर्ट हँगरवर टांगा, वर मोठा आकडा लावा, घड्या उलगडत बसू नका. तळघरातल्या क्लबात यूपीआय गोल गोल फिरत राहतं, म्हणून क्यूआर दाराशी, रेंज येते तिथे. शर्ट आत, पैसे बाहेर, मध्ये कागदी टोकन.

शाई_आणि_स्क्वीजी:
आणि टोकनावर साइझ लिहा. नाहीतर आतला माणूस पुन्हा विचारणार.