न्यू जर्सीत शाळेच्या मोफत जेवणाचा अर्ज: भरावा की नाही?

निशिगंध
शाळा सुरू झाली आणि दोन्ही मुलांच्या दप्तरातून एकच कागद घरी आला: मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा अर्ज. दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी तो न वाचता रद्दीत टाकते. या वर्षी फ्रिजवर लावून ठेवलाय. त्यावरून घरात चार दिवस अबोला आहे.

मी विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक), एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नवऱ्याचं एच-४ ईएडीवरचं (जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावरचं) काम फेब्रुवारीत गेलं, बेकारी भत्ताही ऑगस्टअखेर संपला. आता माझा एकटीचा पगार, कर कापायच्या आधी वर्षाला ६६,००० डॉलर. न्यू जर्सीत या जेवणासाठी उत्पन्नाची मर्यादा सरकारी गरिबी रेषेच्या २२४ टक्के आहे. चार माणसांना २०२५-२६ साठी ती साधारण ७२,००० डॉलर होते, म्हणजे आम्ही बसतो. आमच्या शाळेत जेवण साडेतीन डॉलरचं. दोन मुलं, १८० दिवस, हिशोब तुम्हीच करा.

नवरा म्हणतो, "बँकेत थोडी बचत आहे, सांगलीत फ्लॅट आहे. हे आपल्यासाठी नाही." मला वाटतं भरावा. तुम्ही काय कराल?

सह्याद्रीवारा
तुमच्या मिस्टरांशी मी सहमत आहे. ज्या घरात महिनाअखेरीला दूध आणायचे वांधे होतात, त्या घरासाठी ही सोय आहे. २००९ मध्ये माझी नोकरी गेली, अकरा महिने घरी होतो. बायकोने रोज पोळी-भाजीचा डबा दिला, गाडी विकली, पण आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. मुलांनी ते पाहिलं. त्यांच्या वळणावर त्याचा परिणाम झाला असं मी आजही मानतो.

कडीपत्ता
"हात पसरणं" हा शब्द मला लागला. मी सहा वर्षं शाळेच्या कॅफेटेरियात काम करते. रोज साडेदहाला ट्रे लावायला सुरुवात होते, आणि त्या रांगेत कुणीही हात पसरून उभं नसतं.

निशिगंध, एक गोष्ट नीट समजून घ्या. इथे ठरावीक ताटं नाहीत, की तुमच्या मुलाने घेतलं म्हणून दुसऱ्याचं गेलं. जितकी पात्र मुलं जेवतात, तितक्या ताटांचे पैसे सरकार शाळेला देतं. पात्रता उत्पन्नावर ठरते. बचत, घर, फ्लॅट यांचा रकानाच अर्जात नाही. वर्षाच्या मध्येच कुणाचं उत्पन्न घटलं तर तेव्हाही अर्ज करता येतो. नोकऱ्या काही सप्टेंबर बघून जात नाहीत.

सह्याद्रीवारा
रकाना नाही म्हणून प्रश्न मिटत नाही, कडीपत्ताताई. कायद्याने चालतं आणि मनाला पटतं, यांत फरक आहे. पैसा शेवटी करदात्यांचाच. ज्याच्याकडे सहा महिन्यांची पुंजी आहे त्याने आधी ती वापरावी.

कडीपत्ता
आणि त्या करदात्यांत निशिगंध नाहीत का? गेली कित्येक वर्षं त्यांच्या पगारातून कर कापला जातोय. पुंजी संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे घरभाडं थकेपर्यंत थांबायचं. एच-१बीवरच्या घराला ती पुंजीच आधार असते. उद्या हिचीही नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात बहुधा ६० दिवस.

बोरीबंदर
मला नैतिक प्रश्नापेक्षा ग्रीन कार्डची काळजी आहे. सरकारी मदत घेतली की "पब्लिक चार्ज" (सरकारवर भार) म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज अडतो, असं आमच्या ग्रुपवर सगळे सांगतात. वर्षाला हजार-बाराशे डॉलर वाचवायचे आणि दहा वर्षांची रांग धोक्यात घालायची? मी तरी भरणार नाही.

वाटाड्या
ही भीती मी दर सप्टेंबरला ऐकतो आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण तिच्यापायी मुलं जेवणाशिवाय राहतात. पब्लिक चार्जचा २०१९ चा नियम सगळ्यांत कडक होता. त्यातही रोख मदत, फूड स्टॅम्प (किराण्याची मदत), मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा), घरभाड्याची मदत हेच मोजलं जायचं, शाळेचं जेवण नाही. २०२२ च्या नियमातही ते मोजलेलं नाही. अर्जात मुलांचा इमिग्रेशन दर्जा विचारत नाहीत. सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, नंबर नसेल तर तशी खूण करायची. मुलांचा नंबर लागतच नाही.

बोरीबंदर
२०१९ ला नियम बदलला, २०२२ ला परत बदलला. पुन्हा बदलणार नाही याची हमी तुम्ही देणार का?

वाटाड्या
हमी मी देऊ शकत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज सुरू असेल तर वकिलाला एक ईमेल जरूर टाका. पण ग्रुपवरच्या ऐकीव गोष्टीवर मुलाचं ताट काढून घेऊ नका. आणि उत्पन्न खरंच लिहा: पगारपत्रकावरचा एकूण आकडा, हातात येतो तो नव्हे. काही अर्ज दर वर्षी पडताळणीला निवडले जातात. पत्र आलं तर वेळेत उत्तर द्या, नाहीतर सवलत बंद होते.

पाटीदप्तर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, मराठवाड्यात. वाचून एकच वाटलं: मुलाला जेवायला घालायला अर्ज कशाला लागतो? १५ ऑगस्ट १९९५ ला माध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली तेव्हा आमच्याकडे शिजवलेलं नव्हतं. ८० टक्के हजेरी असली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, आणि तो पोरं पिशवीतून घरी न्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेलं अन्न द्या असं सांगितलं, मग खिचडी आली. आज पहिली ते आठवीचं शाळेतलं प्रत्येक मूल पंगतीत बसतं. ऊसतोडीला जाणाऱ्याचं आणि दुकानदाराचं पोर शेजारी शेजारी. कुणाच्या बापाचा पगार मला माहीत करून घ्यावा लागत नाही.

सह्याद्रीवारा
सर, दुकानदाराचं पोर तुमच्या शाळेत अजून आहे का? माझ्या गावात ते कधीच इंग्रजी माध्यमात गेलं. पंगत सगळ्यांची आहे, पण बसणारे आधीच निवडले गेले.

पाटीदप्तर
खरं आहे, वर्गातली संख्या दर वर्षी घटते. पण जे आहेत त्यांच्यात तरी भेद होत नाही, हे मी रोज बघतो.

वाटाड्या
अमेरिकेतही तसं होतंय. कॅलिफोर्निया आणि मेनने २०२२-२३ पासून सगळ्यांना मोफत जेवण दिलं, पुढे मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स आले. कोविडच्या काळात तर देशभर होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात ते थांबलं आणि शाळाशाळांत जेवणाची उधारी साचली. न्यू जर्सीत मर्यादा वाढली, पण अर्ज अजून आहेच.

निशिगंध
सगळ्यांचं वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. सह्याद्रीवारा, तुमचा अकरा महिन्यांचा अनुभव त्याला माझ्यापेक्षा जास्त भावला, ते मी नाकारत नाही. माझा खरा अडसर मोठा मुलगा आहे. सहावीत आहे. "रांगेत सगळ्यांना कळेल का?" असं विचारलं त्याने. शिवाय आम्ही शाकाहारी आहोत.

कडीपत्ता
कळणार नाही. वेगळी रांग, वेगळं टोकन, नावं पुकारणं याला कायद्याने बंदी आहे. आमच्याकडे प्रत्येक मूल आपला पिन दाबतं. पैसे भरणारं आणि न भरणारं, दोघांच्या पडद्यावर सारखंच दिसतं. आणि शाकाहारी असला तरी अडत नाही. बऱ्याच शाळांत पाचपैकी तीन प्रकार उचलले की ते पूर्ण जेवण धरतात, त्यात एक फळ किंवा भाजी हवी. चिकन नको तर पाव, सफरचंद, दूध घेऊ दे. ते हलकं होतं, म्हणून घरून पराठा दिलात तरी कुणी अडवत नाही.

निशिगंध
काल रात्री भरला. दोन्ही मुलांचा मिळून एकच अर्ज लागतो, हेही तेव्हाच कळलं. सही मी केली. नवऱ्याने पगारपत्रक शोधून दिलं आणि आकडा दोनदा तपासला. अजून त्याला पूर्ण पटलेलं नाही. नोकरी लागली की जेवणाचे पैसे भरू असं म्हणालाय, आणि ते मला मान्य आहे.

सह्याद्रीवारा
मी तरी भरला नसता. पण त्यांचा रेझ्युमे मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्या ऑफिसात दोन जागा आहेत.