मदत हवी आहे: काम शोधणंच सोडलेल्यांना बेरोजगारांच्या यादीत कसं आणायचं?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून बेरोजगारांची यादी करतोय. "काम शोधताय का?" विचारलं की वर्षानुवर्षं घरी बसलेले सरळ "नाही" म्हणतात आणि यादीतून गळतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येतही साधारण तेच: 4 आठवड्यांत शोध नाही, तर बेरोजगार नाही. आपलं पीएलएफएस (केंद्र सरकारचं रोजगार-बेरोजगारीचं सर्वेक्षण) जरा उदार. 7 दिवसांत 1 तासही काम नाही, पण कामाला तयार, एवढं पुरतं.

म्हणून आता क्रम बदललाय. आधी "उद्या काम मिळालं तर जाल का?", मग शेवटचा अर्ज कधी केला, मग का थांबलात. हा शेवटचा प्रश्न घरच्यांसमोर विचारू नये, वडीलच उत्तर देऊन टाकतात! घरी बसून 12 महिन्यांवर गेलेल्यांसाठी वेगळा रकाना.

अडतंय दोन ठिकाणी. "स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे" म्हणणारा शोधणारा की थांबलेला? आणि अनुबंधम या गुजरात सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून पुन्हा कधी उघडलंच नाही, तर तो शोध मानायचा का? कुणी असं काम केलं असेल तर प्रश्नांचे नेमके शब्द इथे टाका. फॉर्म रविवारी छापायला जाणार आहे.