शब्दचर्चा: 'मनोगतिक', 'दडपण' आणि भीड चेपणं

ओसरी

मंडळी, एका अनुवादात अडकले आहे. एका समुपदेशन केंद्राचं माहितीपत्रक मराठीत करायचंय, घडीचा एकच कागद. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा: अँग्झायटीसाठी इथे सायकोडायनॅमिक आणि बिहेव्हिअरल अशा दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. मी इमानेइतबारे लिहिलं, 'चिंताविकारांवर मनोगतिक व वर्तनात्मक दृष्टिकोनांच्या समन्वयातून उपचार केले जातात.' सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मनोगत लिहून घेतात का गं तिथे?"

त्यांचं काय चुकलं? पुस्तक उघडलं की पहिलं भेटतं ते मनोगतच. तर अडतंय ते असं: अँग्झायटीला काय म्हणू, 'मनोगतिक'चं काय करू, आणि तो 'समन्वय' कसा टाळू? कागद हातात घेणारा माणूस आधीच घाबरलेला असणार, एवढं धरून सुचवा.

काटेसावर

'मनोगतिक' व्याकरणाने शुद्ध आहे. भौतिकशास्त्रात डायनॅमिक्सला गतिकी म्हणतात, तिथून तो आला. कल्पना अशी की मनात उलटसुलट ओढी असतात; एक वर यायला बघते, दुसरी तिला खाली दाबते आणि त्या रस्सीखेचीतून लक्षण तयार होतं. म्हणजे इथे मुद्दा गतीचा नाहीच, जोर लावण्याचा आहे. पण ज्याला गतिकी म्हणजे बळांचं शास्त्र हे ठाऊक नाही, त्याला हा शब्द काहीच सांगत नाही.

आता अँग्झायटी. लॅटिन 'आंगेरे' म्हणजे आवळणे, गळा दाबणे. जर्मन 'आंग्स्ट' त्याच कुळातला, आणि त्याच भाषेतला 'एंग' म्हणजे अरुंद हाही. आपल्याकडचा भाऊबंद वैदिक संस्कृतात सापडतो: 'अंहु' म्हणजे अरुंद, 'अंहस्' म्हणजे कोंडी, संकट. पुढे 'अंहस्'चा अर्थ पाप झाला आणि बोलीत त्यातलं काही उतरलं नाही. 'चिंता' निघाला 'चिंत्' म्हणजे विचार करणे यावरून. 'फिकीर' अरबी 'फिक्र'वरून, तिथेही मूळ अर्थ विचारच. युरोपात गळा आवळला जातो, आपल्याकडे डोकं चालू राहतं. शरीराशी नातं राखलं ते काळजातून आलेल्या 'काळजी'ने, पण ती आता घ्यायचीही असते आणि करायचीही, त्यामुळे माहितीपत्रकात गोंधळ होईल.

निंबोणी

'चिंता'ला माझाही विरोध. चिंता मुलीच्या लग्नाची असते, हप्त्याची असते. 'कशाची?' विचारलं की उत्तर मिळतं. अँग्झायटीवाल्याला तोच प्रश्न विचारा, तो तुमच्याकडे बघत राहतो.

शिवाय आपल्याकडे या भावनेला काळ आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही. धसका मागच्या गोष्टीचा: एकदा काहीतरी झालं आणि माणसाने धसका घेतला. धाकधूक आत्ताची, निकाल लागेपर्यंतची. धास्ती पुढच्याची. हुरहुरीला तर कारणच लागत नाही, संध्याकाळ पुरते. एवढी भांडी घरात असताना सगळं एका 'चिंते'त का ओतायचं?

सांगाती

समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिते. माझ्याकडे आजवर एकही माणूस 'मला चिंता आहे' असं म्हणत आलेला नाही. लोक म्हणतात: टेन्शन येतं. कसंतरीच होतं. जीव घाबरा होतो. आणि सगळ्यात जास्त वेळा, दडपण येतं.

ओसरी, माझं मत 'दडपण'ला. कारण नुसतं सोपेपणाचं नाही. 'दडपण येणं' म्हणजे छातीवर ओझं येणं, आणि 'दडपणं' म्हणजे आपणच काहीतरी खाली दाबून ठेवणं. राग दडपला, बातमी दडपली, प्रकरण दडपलं. एका धातूत दोन्ही. मनोविश्लेषणाची पद्धत घालून देणाऱ्या फ्रॉइडची या बाबतीतली अर्धी कारकीर्द या दोन अर्थांमधल्या नात्यात गेली. आधी तो म्हणत होता की इच्छा दडपली की तिचं रूपांतर दडपणात होतं. 1926 मध्ये त्याने ते उलटं केलं: दडपण आधी येतं, धोक्याची घंटा म्हणून, आणि ती घंटा ऐकून मन दडपादडपी सुरू करतं. मराठीत हे समजावताना मला फळाही लागत नाही.

नेकारकाठ

जर्मनीत राहतो म्हणून पुस्ती. फ्रॉइडचा मूळ शब्द 'आंग्स्ट', आणि तो इथे अगदी रोजचा आहे. कुत्र्याला घाबरणारं पोरही 'इख हाबे आंग्स्ट' म्हणतं, म्हणजे 'मला भीती वाटते'. इंग्रजीत जाताना त्याचा अँग्झायटी झाला आणि शब्दाने पांढरा कोट चढवला. आपण तो कोटच मराठीत शिवत बसलोय.

मोटकरी

वर्तनाच्या बाजूबद्दल कुणी बोललंच नाही. तिथली एक पद्धत 'पद्धतशीर असंवेदनीकरण' अशी वाचली होती. मला वाटलं माणसाला दगड करून सोडतात.

सांगाती

हसू नका, तो शब्द परीक्षेत विचारतात. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने ती पद्धत 1958 च्या पुस्तकात मांडली. आधी अंग सैल सोडायला शिकायचं, मग भीतीच्या प्रसंगांची उतरंड करायची, शून्य ते शंभर गुण देऊन, आणि खालच्या पायरीपासून एकेक प्रसंग मनात आणायचा. त्याच्याही आधी, 1924 मध्ये, मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीनेक वर्षांच्या पीटर नावाच्या पोराची सशाची भीती घालवली होती. पोरगं आवडीचं खात असताना ससा दूर ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी ससा मांडीवर.

याला मराठीत शब्द आहे की. भीड चेपणं.

मोटकरी

वा! मग हे आमच्या गावात 1924 ची वाट बघत बसलं नव्हतं. आमच्या विहिरीवर पोहायला शिकवायचे ते पाठीला वाळका भोपळा बांधून. पहिले दिवस पायरीवर बसून नुसते पाय मारायचे. मग कडेला धरून. मग भोपळ्यावर भरवसा टाकून मध्ये. भोपळा कधी सोडायचा ते काका ठरवायचे, आपण नाही. एक दुसरे काकाही होते, ते काठावरून सरळ ढकलून द्यायचे. पहिल्या काकांची पोरं पोहायला शिकली. दुसऱ्यांची काही शिकली, काही आजही विहिरीत डोकावत नाहीत.

सांगाती

दुसऱ्या काकांच्या पद्धतीलाही शास्त्रात नाव आहे, पण ती करताना माणसाची संमती घेतात आणि भीती ओसरेपर्यंत सोबत थांबतात. तुमचे काका बहुधा घरी निघून जायचे.

रिंगटोन

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. 'दोन्ही एकत्र' म्हणजे काय, हे मी अंगावर घेतलंय म्हणून सांगतो.

मला फोनची धास्ती होती. मोबाइल वाजला की पोटात खड्डा. ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी वहीत उतरंड करायला लावली. वीस गुणांवर गॅस सिलेंडरचं बुकिंग. पस्तीसवर दुकानात फोन करून 'अमुक आहे का' विचारणं. साठवर मावशी. नव्वदवर साहेब. साठपर्यंत दोन महिन्यांत पोचलो. नव्वदवर घोडं अडलं ते अडलंच. नंबर लावायचो आणि पहिल्या रिंगला कट करायचो. मग साहेबांचाच उलट फोन यायचा, तो वेगळा वैताग.

तेव्हा त्यांनी वही मिटली आणि विचारलं, घरातला पहिला फोन आठवतो का? आठवत होता. काळा, डायलचा, पासोडीच्या कापडाचं झाकण घातलेला. दिवसा तो शेजाऱ्यांचे निरोप घ्यायचा. रात्री दहानंतर वाजला की घरात कुणी बोलायचं नाही. वडील उठायचे, उचलायचे, 'हं, हं' म्हणायचे, आणि ठेवल्यावर आईकडे न बघता सांगायचे कोण गेलं ते. रडायला मनाई होती, कारण शेजारी झोपलेले. मी सात-आठ वर्षांचा. मोठ्या माणसाचा आवाज फोनवरून आला की काहीतरी संपलंय, एवढं मी शिकून बसलो होतो.

हे कळलं म्हणून धास्ती गेली नाही. ती गेली पुढच्या आठवड्यात साहेबांना फोन केल्यावर, तोही चौथ्या रिंगपर्यंत कानाला धरून. पण कळलं नसतं तर फोन केला नसता. कोणतं आधी, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

खडू

गोष्ट हृद्य, पण विरोधी पक्षही हवा. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मध्ये पडतो. 2013 मध्ये जर्मनीत 495 जणांवर, लोकांसमोर जायची भीती असलेल्यांवर, मोठी चाचणी झाली. सुधारणा झाल्याचं प्रमाण बोधात्मक वर्तनोपचारात (म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारात) 60 टक्के, मनोगतिक उपचारात 52, नुसतं थांबवून ठेवलेल्यांत 15. पण भीती जवळपास पूर्ण गेली का, हे पाहिलं तर 36 विरुद्ध 26. वर्तनवाले पुढेच आहेत. मग बालपण उकरायचं कशाला?

सांगाती

आकडे बरोबर. पण त्यात दोन पद्धती समोरासमोर उभ्या केल्या होत्या, एकत्र नव्हे. आणि माझ्या मते खरा प्रश्न 'कशाला उकरायचं' हा नाहीच. बालपण पुरलेलं आहे, असं धरूनच आपण 'उकरणं' म्हणतो. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ पॉल वॉक्टेल यांनी 1977 मध्ये या दोन उपचारपद्धतींना जोडणारं पुस्तक लिहिलं. त्यांची हरकत नेमकी या गृहीतकाला होती. बर्फात गाडलेल्या मॅमथसारखं बालपण आत जसंच्या तसं टिकून असतं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, जुनी भीती आजच्या वागण्यातून रोज नव्याने तयार होते. रिंगटोन यांचंच बघा: फोन उचलत नाहीत म्हणून समोरचा चिडतो, चिडलेलाच फोन येतो म्हणून पुढचा उचलवत नाही. वडिलांच्या काळ्या फोनला साहेब रोज खतपाणी घालतायत, आणि साहेबांना पत्ताही नाही. हे चक्र बोलून दिसतं, पण तुटतं वागून.

निंबोणी

म्हणजे बरणीतली लोणच्याची फोड नव्हे, विरजण! काल रात्रीचं दही आज दुधात, आजचं उद्या. आजीच्या घरून आणलेलं विरजण म्हणतो आपण, पण त्या वाटीत आजीच्या हातचा थेंबही उरलेला नसतो. तरी चव तीच.

काटेसावर

उपमा झकास, पण छापू नका. 'उत्साहावर विरजण' आठवेल लोकांना.

सांगाती

आणि खडू, फ्रॉइडला सोवळ्यात बसवू नका. सप्टेंबर 1918 मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत तोच म्हणाला की रस्त्यावर एकटं जायला घाबरणाऱ्या माणसाची भीती विश्लेषणाने आपोआप जाईल म्हणून थांबून चालत नाही. त्याला बाहेर पडायला, भीतीशी झगडायला लावावं लागतं. त्याच भाषणात पुढे, गोरगरिबांपर्यंत उपचार न्यायचे तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात थेट सूचनेचं, म्हणजे रुग्णाला सरळ सांगून पटवण्याचं, तांबं मिसळावं लागेल, असंही म्हणाला.

काटेसावर

मग 'समन्वय'ऐवजी घ्या की सोनारकाम. चोख सोन्याचा दागिना घडत नाही, वाकतो.

मोटकरी

पण सोनाराच्या भाषेत त्याला हीण म्हणतात. 'आमच्याकडे हीण मिसळून उपचार होतील', छापा!

ओसरी

पोट धरून हसले. एवढ्यावरून हे जुळवलंय, बघा: 'सतत दडपण येतं का? ते कुठून येतं हे आपण बोलून शोधू, आणि ज्याची भीती वाटते त्याची भीड एकेक पायरीने चेपू. दोन्ही कामं हातात हात घालून चालतात.' 'चिंताविकार' खाली एकदाच, कंसात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा शब्द ओळखता येईल.

खडू

'भीती वाटते त्याची भीड चेपू'? भीड माणसाची चेपते, वस्तूची नाही. फोनची भीड कशी चेपेल?

रिंगटोन

माझी चेपली.

ओसरी

मजकूर केंद्राला पाठवला. दडपण आवडलं, भीडही ठेवली. फक्त वर मथळ्यात 'मनोगतिक' हवंच म्हणाले, शास्त्रीय वाटतं म्हणून. आज छापखान्यातून प्रूफ आलं. मथळा असा: 'मनोगत व वर्तनात्मक उपचार.' सासूबाईंना अजून दाखवलेलं नाही.